वीस फुटांची जागा

मी गेली बावीस वर्षं डिझाइन शिकवते. त्यातली चौदा वर्षं मी विद्यार्थ्यांना पुण्यातल्या बुरूड आळीत चुकीच्या कामासाठी नेत होते, हे मला आज लिहून ठेवायचं आहे.

काम ठरलेलं असायचं. सहा आठवड्यांत बांबूपासून आजच्या घरासाठी एखादी नवी वस्तू करायची. पहिल्या आठवड्यात आळीत जाऊन फोटो काढायचे, चार प्रश्न विचारायचे. मग वर्गात येऊन रेखाटनं. शेवटी, आळीत बांबूकामाचं दुकान चालवणाऱ्या आक्कांकडून नमुना विणून घ्यायचा आणि प्रदर्शनात मांडायचा. दिव्याच्या शेड, ट्रे, मासिकं ठेवायचे स्टँड अशा वस्तू व्हायच्या आणि दिसायला खरोखर सुंदर असायच्या. सूप-टोपलीचा धंदा प्लास्टिकनं खाल्ला, आता या माणसांना नवा माल आणि नवं गिऱ्हाईक आपण द्यायला हवं, असं मी मनापासून मानत होते. या मानण्याला मोठा आधारही होता. 1979 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत जो जाहीरनामा झाला, त्यात डिझाइननं विकासाच्या कामी यावं असं म्हटलं होतं. माझी पहिली तासिका त्याच्यापासूनच सुरू व्हायची.

दुसऱ्या तासिकेला लोटा यायचा. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी 1958 मध्ये भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात त्यांना या देशात सगळ्यांत जास्त भावलेली वस्तू म्हणजे आपला साधा लोटा. तो कमरेवर कसा बसतो, भरल्यावर तोल कुठे जातो, ओतताना धार कशी पडते, घासायला हात आत जातो का, आणि हे सगळं कुणा एकानं नव्हे तर पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी कसं घडवलं. हे मी वर्गात रंगून सांगायचे. आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना, सूप एकदाही हातात धरून न पाखडता, सुपाच्या विणीची शेड करायला लावायचे.

2016 मध्ये आमच्या एका शेडला चाळीस नगांची ऑर्डर आली. मुलं आनंदली, मीही. ऑर्डर श्रावणात आली. आक्कांनी घरातल्या तिघींना त्या कामाला बसवलं. शेडला एकसारख्या, कागदासारख्या पातळ कामट्या लागत होत्या. एका शेडला जो वेळ जायचा, त्यात त्यांची कितीतरी सुपं झाली असती. माल तयार झाल्यावर गिऱ्हाइकानं निम्मे नग परत केले, कारण एकाचा व्यास दुसऱ्याशी जुळत नव्हता. हातानं विणलेली वस्तू अशीच असणार, हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नव्हतं. तोवर गौरी येऊन गेल्या होत्या, आणि गौरींची सुपं त्या वर्षी आक्कांच्या दुकानात नव्हती.

त्या काही बोलल्या नाहीत. दिवाळीनंतर मी गेले तेव्हा परत आलेल्या शेड पोटमाळ्यावर एकात एक घालून ठेवल्या होत्या. त्या प्रकल्पातल्या मुलीला आम्ही वर्गात सर्वांत जास्त गुण दिले होते. मी त्याच प्रकल्पावर एका परिषदेत निबंध वाचला होता.

तरी माझं मत त्या दिवशी पालटलं नाही. पुढच्या वेळी ऑर्डर नीट घ्यायची, एवढंच मी मनाशी ठरवलं. पालटलं ते दोन वर्षांनी, एका संध्याकाळी.

आम्ही सात-आठ जण आक्कांच्या दुकानात बसलो होतो. भिंतीवर मेदार केतय्यांची तसबीर आहे. बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या काळचे हे शरण बांबूच्या टोपल्या विणून पोट भरत. तसबिरीखाली बसून आमचा एक विद्यार्थी आक्कांना विचारत होता, की तुमची कला मरत चालली आहे, तुम्हाला काय वाटतं? तेवढ्यात एक पोरगा धापा टाकत आला. अंगात शर्ट होता, पायात चप्पल नव्हती. त्याला तिरडीचं सामान हवं होतं. आक्का उठल्या. दोन सरळ बांबू, आडव्या कामट्या, सुतळी. भाव कुणी विचारला नाही, कुणी सांगितलाही नाही. आक्कांनी फक्त विचारलं, “वडील का रे?” पोरानं मान हलवली. त्यांनी बांबू त्याच्या खांद्यावर दिले आणि तो दिसेनासा होईपर्यंत उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

मग परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “हं, काय म्हणत होतास?” त्या मुलाला प्रश्न पुन्हा विचारवला नाही.

मी घरी येताना हिशोब करत होते. बाळाला निजवायला सूप, लग्नात सूप, गौरींना सूप, वास्तुशांतीला, शेवटी तिरडी. या शहराचा जन्म आणि मरण ज्या दुकानातून जातं, त्याला गिऱ्हाईक नाही असं मी चौदा वर्षं शिकवत आले होते. मग अडचण कशाची, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी फक्त माल विचारला होता.

पुढच्या तुकडीला मी काहीच करायला सांगितलं नाही. पेन्सिल काढायची नाही, कॅमेरा नाही. कोयता धरायचा आणि बांबू चिरायला शिकायचं. हे सोपं नाही. चीर मधोमध सुरू होते, पण दोन पेरं गेली की एका अंगाला पळते आणि एक बाजू सुईसारखी निमुळती होऊन तुटते. आक्कांनी एका मुलीचा हात धरून दाखवलं: जी बाजू जाड झाली आहे, ती वाकवायची, चीर आपोआप मधे परत येते. मुलीला ते जमायला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांतच खरी अडचण दिसली. बांबू वीस फुटी येतो. तो सलग चिरायला समोर वीस फूट मोकळी जागा लागते. पूर्वी ती आळीतच होती, आता दोन्ही कडांना दुचाक्या लागतात. म्हणून बांबू आधीच निम्म्यात तोडायचे. निम्म्या बांबूत सूप होतं, टोपली होते. मोठी ताटी आणि मांडवाची चटई होत नाही. चांगल्या पैशाचं काम जागेअभावी सुटत होतं. 2017 मध्ये कायद्यानं बांबूला झाडाच्या व्याख्येतून काढलं, त्यानं शेतकऱ्याची वाहतूक सुटली असेल, पण आळीत आलेला बांबू आडवा ठेवायला जागा कुठून येणार?

दोन मुलांनी पंधरा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत आळी मोजली. कुठल्या तासाला किती गाड्या, कुठलं शटर कधी उघडतं. एका लांब कागदावर सगळं रंगांत काढलं. तो कागद घेऊन आक्का आणि त्यांचे दीर शेजारच्या दुकानदारांकडे गेले. कागदावर स्वच्छ दिसत होतं, की सकाळी सहा ते दहा एक कड मोकळी ठेवली तर कुणाचंच अडत नाही. दुकानदारांनी मानलं. रस्त्याच्या कडेला वीस फुटांचा पांढरा पट्टा मारला, आणि त्या वर्षी आक्कांनी कितीतरी वर्षांनी ताटीचं काम घेतलं.

याला डिझाइन म्हणायचं का, असं माझे काही सहकारी विचारतात. मी म्हणते. मुलांची एक तक्रार मात्र खरी आहे आणि तिचं उत्तर माझ्याकडे नाही: नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला हातात सुंदर वस्तू नसते. ते नुकसान त्यांचं आहे, माझं नाही, आणि हे मी त्यांना आधीच सांगते.

मानधनाचंही सांगायला हवं. बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकांना आमच्याकडे तासाप्रमाणे पैसे मिळतात. आक्कांना आम्ही शाल-श्रीफळ देत होतो. मी पत्रं लिहिली, तेव्हा पदवीचा दाखला मागितला गेला. दोन वर्षं मी लिहीत राहिले. आता त्यांचं नाव पाहुण्या अध्यापकांच्या यादीत आहे आणि मुलं शिकायला बसतात त्या प्रत्येक तासाचे पैसे त्यांच्या खात्यात जातात. आधीच्या चौदा वर्षांचे तास कुणी मोजलेले नाहीत.

यंदा जूनमध्ये मी नेहमीप्रमाणे विचारायला गेले, जुलैत मुलांना आणू का? आक्का म्हणाल्या, “नको मॅडम. गौरींपर्यंत मला श्वास घ्यायला सवड नसते. पितृपक्षात या. त्या पंधरवड्यात सूप कोणी घेत नाही, मला निवांत शिकवता येईल.” मी वेळापत्रक बदलून घेतलं आहे. आमचा अभ्यासक्रम आता पितृपक्षात सुरू होतो.