पुरून ठेवलेली चांदी

मत्तयच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात येशूने एक दृष्टांत सांगितलाय. परदेशी निघालेल्या धन्याने एका चाकराला पाच टॅलेंट दिले, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. एक टॅलेंट म्हणजे मजुराची वीसेक वर्षांची मजुरी, थोडीथोडकी ठेव नव्हे. दोघांनी व्यापार करून ती दुप्पट केली. तिसऱ्याने भीतीने खड्डा खणून पुरली आणि धनी परतल्यावर बोलणी खाल्ली.

आम्ही शेतकरीही जमिनीतच पुरतो. पण भाताला कोंब येतो, चांदीला येत नाही.

आमच्या गोराईत दर वाढायची वाट बघत पडीक ठेवलेली खाचरं दिसली की मला तो चाकर आठवतो. मालक म्हणतो, "मी कुठे विकली? सांभाळून ठेवलीय." खरं आहे. पण खाडीच्या बांधावर दरसाल माती घालावी लागते. ती चुकली की बांधाला खांड पडते, भरतीचं पाणी आत शिरतं आणि शेजाऱ्याचंही शेत खारं होतं.

ऑक्टोबरात आगेऱ्याच्या सणाला आम्ही नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेतो. यंदा लोंब्या कापताना पोरगा म्हणाला, "पप्पा, मुंबईत भातशेती परवडते काय?"

नाही परवडत. पण जमीन बापसाकडून आली, पुढे त्याच्याकडे जायची. मधला मी चाकर. पैशांचा हिशेब मागितला तर माझ्याकडे दाखवायला फारसं काही नाही. बांध मात्र दाखवीन.