काहिलीपाशी

आमचे आळंद तुरीचे. तरी थंडीत शिवारात एखादे गुऱ्हाळ पेटले, की आम्ही नातवंडांसह तेथे जातो. रस काहिलीत उकळतो. भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढतात. पुढे रस आटून वाफ्यात निवतो आणि ढेपा पडतात.

नातवाच्या हाती चॉकलेट होते. आम्ही सांगितले, तेही मूळचे मेक्सिकोकडील कडू पेय; कोकोच्या बिया भाजून पाट्यावर वाटीत. खाण्याची वडी इंग्लंडात १८४७ साली निघाली. ते वाटणे पाश्चात्य देशांत आता संग्रहालयांत करून दाखवितात.

आमचा गुळव्या मात्र पोटासाठीच काहील ढवळतो. यंदा तो एकटाच होता; मुलगा पुण्यास गेला, म्हणाला. नातू काकवीची दुसरी वाटी मागत होता.