जोड

वाई तालुक्यातल्या यात्रांच्या कुस्ती फडात मी पंच म्हणून उभा राहतो. पंचाचं काम म्हणजे पाठ टेकली की नाही ते बघणं, अशी लोकांची समजूत. भांडणंही त्यावरूनच होतात. २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत अहिल्यानगरला तर पंचाला लाथ बसली. लाथ मारणाऱ्या मल्लावर तीन वर्षांची बंदी आली, ती योग्यच. पण मला विचाराल तर पंचाची खरी परीक्षा सलामीच्या आधी होते, जोड लावताना.

गावच्या फडात वजनकाटा नसतो. दोन पोरं शेजारी उभी करायची, खांदे, मान, मनगट बघायचं. मी आधी कान बघतो. कान फुटलेला असला की पोरगं तालमीत मुरलेलं, मग अंगानं किती का किरकोळ असेना. त्याचा वस्ताद मात्र "लहान आहे ओ अजून" म्हणत त्याला हलक्या इनामाच्या कुस्तीत सरकवू बघतो. समोर शेतातनं आलेलं धिप्पाड, कच्चं पोर. दोघांचे हात वर धरून फडाला फेरी मारली की जोड ठरली. मग मी कितीही डोळ्यांत तेल घालून उभा राहिलो तरी काय उपयोग? कुस्ती चटकन निकाली होते, नियम एकही मोडत नाही, आणि लबाडी झालेली असते. आधीच ठरवून खेळलेल्या नुरा कुस्तीला लोक शिव्या घालतात. हिला टाळ्या पडतात.

आमच्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं कांस्यपदक सगळ्यांना पाठ आहे. पण जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल मम्मदबेयोव्हसमोर उतरवलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. तो मागायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. मम्मदबेयोव्हनं काही गैर केलं नाही. इशीनंही नाही. अन्याय झाला तो जोड लावण्यात.

धोम धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं की तेच, नियम न मोडता अन्याय. कालव्याच्या तोंडाशी असलेला शेतकरी चोरी कुठे करतो? तो नुसता आधी दारं धरतो.

म्हणून मी फुटक्या कानाचं पोर वरच्या इनामात टाकतो. वस्ताद रुसतो. बरोबरीचा गडी नसला तर जोड लावतच नाही, नारळ देऊन बसवतो. यात्रा कमिटीला ते खपत नाही. कुस्त्या कमी लागल्या की बाहेरगावचे पैलवान पुढल्या साली फिरकत नाहीत. कमिटीचंही खरं आहे. दरसाल यावरून आमची जुंपते.