काटा आणि कंट्रोलर

जुन्या फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत कूलंटचं तापमान मोजणारे दोन सेन्सर असतात. एका तारेचा डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी, दोन तारांचा ईसीयूसाठी. दोघेही एकाच पाण्यात बुडालेले!

ईसीयूच्या बॉश सेन्सरचा रोध 20 अंशांना साधारण 2500 ओहम, 80 अंशांना जेमतेम 300. गार तेवढा रोध जास्त. म्हणूनच त्याची तार तुटली की ईसीयूला वाटतं, इंजिन बर्फासारखं गार आहे, आणि तो पेट्रोल ओतत राहतो. काळा धूर, ॲव्हरेज घसरलेलं... काटा मात्र निवांत मध्यावर!

'काटा बरोबर आहे ना, मग झालं' असं मेकॅनिक म्हणाला, की मी मल्टिमीटर काढतो. दाखवणारा एक, ठरवणारा दुसरा. माणसांतही बहुधा असंच असावं.