पाचोळ्याचे देणे

फाल्गुन लागला की सह्याद्रीच्या उतारांवरील सागाची झाडे उघडी पडतात. त्यांच्या पायथ्याशी वाळक्या पानांचा जाड थर साचतो. वाटसरूच्या पायाखाली ती पाने चुरचुरतात आणि त्याला वाटते, केवढा हा केर! रानाला मात्र तो केर वाटत नाही. ती त्याची पुढच्या वर्षाची शिदोरी असते.

शेताला शेतकरी शेणखत घालतो. रानाला खत घालायला कोण जातो? तरीही रान पिढ्यान् पिढ्या हिरवे राहते, कारण घेतलेले परत करण्याची रीत ते कधी मोडत नाही. झाड मोठे काटकसरी असते. पान पिकू लागले की त्यातील नत्र आणि स्फुरद यांचा बराचसा अंश ते आधीच फांदीत ओढून घेते. उरलेले धन पानाबरोबर मातीच्या स्वाधीन करते.

मृगाच्या सरी कोसळल्या की त्या पानांतील पालाश पाण्याबरोबर मातीत झिरपतो. मग वाळवी, गोगलगायी आणि गांडुळे कामाला लागतात. गांडुळे पाने आपल्या बिळांत ओढून नेतात. चार्ल्स डार्विनसारख्या थोर शास्त्रज्ञाने या क्षुद्र जीवांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले आणि १८८१ साली त्यांच्यावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. उरलेसुरले काम बुरशी व सूक्ष्म जीव पुरे करतात. काही बुरशींचे नाजूक धागे तर झाडांच्या मुळांशी जोडलेले असतात. ते मातीतील स्फुरद मुळांपर्यंत पोहोचवतात. अशा रीतीने गळालेले पान नव्या पालवीच्या रूपाने पुन्हा फांदीवर येते.

उजाड माळावरही हाच व्यवहार चालतो. करवंदीच्या जाळीत वाऱ्याने उडालेली पाने अडकतात. तिच्याखालची माती काळसर व ओलसर राहते आणि तेथेच एखादे बी निर्धास्तपणे रुजते.

पण कोणी निष्काळजीपणे जळती काडी टाकतो आणि वणवा भडकतो. पाचोळ्यातील नत्र धुराबरोबर आकाशात जाते. मागे उरलेली राख पहिल्याच जोराच्या पावसात ओढ्याला मिळते आणि उघडी पडलेली मातीही तिच्यामागोमाग वाहून जाते. अनेक वर्षांची पुंजी एका दुपारी संपते.

आपल्या पूर्वजांना नत्र-स्फुरदाची नावे ठाऊक नव्हती. तरी देवराईतील वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक अनेक गावांनी पाळला. म्हणून तेथील माती आजही पायाला मऊ लागते. झाडाची सावली सर्वांना दिसते. तिला पोसणारा पाचोळा मात्र डोळसपणे पाहावा लागतो. तो जेथे पडला तेथेच राहू देणे, एवढेच रान माणसापाशी मागते.