गनमेटलच्या बाजूने

जुन्या लेथमधले गनमेटलचे बुश काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी टेपर रोलर बेअरिंग बसवावीत, असं माझं ठाम मत होतं. कुणी विचारलं की मी हेच सांगत असे. घरच्या वर्कशॉपसाठी लोक पट्ट्यावर चालणारे जे जुने छोटे लेथ घेतात, त्यांच्या हेडस्टॉकमध्ये पुष्कळदा बुशच असतात. मला ते मागासलेले वाटायचे. धातूवर धातू घासणार, झिजणार, चक हलणार आणि जॉबवर चॅटरिंगच्या रेघा उमटणार. हे मत मी सोडलं आहे, तेही पूर्णपणे.

माझ्या लेथचा स्पिंडल 40 मिलिमीटरचा. चकमध्ये लांब दांडा धरून वर रेटला की डायलचा काटा दहा-बारा घरं सरकायचा, म्हणजे शंभरेक मायक्रॉनचा प्ले. स्पिंडल बाहेर काढला, तर पुढच्या बुशात बसणारा भाग लंबगोल झालेला, त्यावर गोल चरे. बुश मऊ आणि स्पिंडल पोलादी, मग पोलाद का झिजलं? उत्तर तेलाच्या भोकात होतं. त्याचं झाकण कधीच हरवलेलं. बिडाचा भुगा, एमरीची धूळ तेलाबरोबर आत जाते, मऊ गनमेटलमध्ये रुतून बसते, आणि मग बुशच पॉलिश पेपरसारखा शाफ्टला तासत राहतो. दोष बुशाचा नव्हता, आत गेलेल्या कचऱ्याचा होता. तोच कचरा रोलर बेअरिंगमध्ये गेला असता तर तेही टिकलं नसतं.

तरीही मी रोलर बेअरिंगचाच बेत आखत होतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात स्पिंडल ग्राइंडिंगला दाखवला, तेव्हा तिथले मिस्त्री म्हणाले, "शाफ्ट तासून साडेएकोणचाळीसवर आणणार. मग बाजारातलं बेअरिंग तेवढं बारीक हुणार हाय व्हय?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 40 बोअरचं बेअरिंग 40 चंच मिळणार. म्हणजे शाफ्टवर हार्ड क्रोम चढवून पुन्हा ग्राइंडिंग, नाहीतर नवा शाफ्ट. शिवाय 32008 नंबरच्या टेपर रोलरचा बाहेरचा व्यास 68. माझा बुश बाहेरून 50 चा. बिडाचं हेडस्टॉक 68 पर्यंत बोअर केलं तर भिंतीत उरतं काय? आणि एकदा कापलेलं बीड परत येत नाही. बुशाला यातलं काहीच लागत नाही. शाफ्ट ज्या मापाला साफ होईल त्या मापाला तो करायचा आणि बुश त्याला जुळवून घ्यायचा.

पण केवळ सोय म्हणून मी मत बदललं नाही. धातूवर धातू घासतो ही माझी मूळ समजूतच अपुरी होती. ब्यूशँप टॉवर या इंग्रज इंजिनिअरने 1883 मध्ये रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या भोकातून तेल वर येऊ लागलं. बूच मारलं तर ते बाहेर ढकललं गेलं. प्रेशर गेज लावल्यावर दाब दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे गेला. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या तेलावर उचलला जातो. त्याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये मांडलं. घासणं होतं ते मुख्यतः सुरू करताना आणि थांबताना. बुश म्हणजे गरिबांचं बेअरिंग हा माझा समज हे वाचल्यावर टिकणं शक्य नव्हतं.

काम मात्र चिकाटीचं आहे. बुश ठोकून बसवला की त्याचा बोअर आवळतो, म्हणून आतलं माप आधी पुरं करायचं नाही. दोन्ही बुश बसवून एकाच बारने, एकाच सेटिंगमध्ये बोअर करायचे, तरच दोघांची मध्यरेषा एक राहते. मग शाफ्टला निळा रंग लावून फिरवायचा आणि उंचवटे स्क्रेपरने खरवडायचे. व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट हा जुना ठोकताळा, म्हणजे इथे 40 मायक्रॉन. लेथच्या स्पिंडलला मी त्याहून कमी ठेवली. झाकणाचे नवे तेलकप लावले, त्यात फेल्टची वात घातली आणि 32 ग्रेडचं पातळ तेल.

फार वेगात कार्बाइडने काम काढणाऱ्या कारखान्याला मी बुश सुचवणार नाही. तिथे उष्णतेचा प्रश्न येतो. माझ्या काउंटरशाफ्टलाही मी बॉल बेअरिंगचे तयार ब्लॉकच लावले आहेत. तो 25 मिलिमीटरचा शाफ्ट मोटारीचा जोर पट्ट्याने पुढे देतो, एवढंच. तिथे दहा-वीस मायक्रॉनने जॉब बिघडत नाही, आणि ब्लॉक खराब झाला तर दोन बोल्ट सोडून बदलता येतो.