उठलेलं गाव

आंबेगाव तालुक्याच्या नकाशावर आंबेगाव शोधायला गेलं तर बोट पाण्यावर टेकतं. तालुक्याची कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला, आणि ज्या गावाने तालुक्याला नाव दिलं ते डिंभे धरणाच्या पोटात. आहुप्याकडच्या डोंगरात उगवणारी घोड नदी डिंभ्यापाशी अडवली. विसावं शतक सरता सरता धरण पुरं झालं आणि वरच्या खोऱ्यातली गावं एकामागून एक उठली. काही पुरती उठली, काही अर्धी. माझं आजोळ पुरतं उठलेल्यांपैकी.

'गाव उठलं' असंच आमच्याकडे सगळे म्हणतात. मराठीत गाव बसतं आणि गाव उठतं. जुन्या काळी ओसाड पडलेलं गाव पुन्हा बसवायचं तर कौल देऊन कुळं आणावी लागत. दुष्काळ पडला, फौज गेली, रोगाची साथ आली की तेच गाव उठे आणि मग दप्तरात त्याची नोंद होई 'बेचिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. आपण आज 'बेचिराख' म्हणतो आणि त्यात राख ऐकतो, पण शब्द फारसी आहे आणि त्यात आहे तो चिराग. आजी मात्र 'उठलं' असं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "आमाला उठावलं." गाव स्वतःहून उठलं हे तिला कबूल नव्हतं.

संस्कृतातला 'ग्राम' प्राकृतात 'गाम' झाला आणि मराठीपर्यंत येता येता त्यातला 'म' विरघळून 'व' झाला. 'नाम'चं 'नाव' आणि 'आमलक'चा 'आवळा' झाला, तीच ही वाट. तो 'म' जाता जाता नाकात थोडा रेंगाळला होता. म्हणून आजोबांच्या पिढीपर्यंत 'गांव' असं टिंबासह लिहीत. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात न उरलेली अशी टिंबं काढून टाकली. आमच्या घरी आजोबांची काही जुनी कागदपत्रं आहेत, त्यांत प्रत्येक 'गांवा'वर ठसठशीत टिंब आहे. शब्दाचं लिंगही एक राहिलेलं नाही. घाटावर 'ते गाव', कोकणात 'तो गाव', आणि लहानपणी आम्ही सुट्टीत जायचो तो 'मामाचा गाव', तोही पुल्लिंगी.

कार्ल्याच्या लेण्यात एक लेख आहे. तिथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचा गाम दान दिल्याचं त्यात कोरलं आहे. ही गोष्ट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली, आपल्याच मावळातली. आख्खं गाव दान देता येत होतं. दान देताना हातावरून पाणी सोडत. पुढच्या काळातल्या ताम्रपटांत 'उदकपूर्वक' असा शब्दच येतो. हक्क सोडून देणं या अर्थाने आपण 'पाणी सोडणं' म्हणतो, ते या रिवाजातून आलं. आमच्या खोऱ्यातल्या माणसांनी पाणी सोडलं नव्हतं. ते त्यांच्यावर सोडलं गेलं.

पण ज्या अर्थाने मला आजीचं बोलणं उलगडलं, तो याहूनही जुना आहे. वेदकाळात 'ग्राम' हे ठिकाण नव्हतं. ग्राम म्हणजे माणसांचा मेळा, गुरंढोरं आणि गाड्यांसह बरोबर चाललेला. शतपथ ब्राह्मणातला शर्यात मानव आपला ग्राम घेऊन हिंडतो आणि एके जागी मुक्काम टाकतो. असे दोन ग्राम समोरासमोर आले, की होई तो संग्राम. गीतेतल्या 'इंद्रियग्राम', 'भूतग्राम' या शब्दांत आणि संगीतातल्या 'षड्जग्रामा'त तोच समूहाचा अर्थ अजून टिकून आहे. वेस, विहीर, देऊळ, चावडी हे सगळं नंतरचं. आधी माणसं एकत्र होती, मग ती जिथे थांबली त्या जागेला त्यांचं नाव पडलं.

मराठीने हे दोन्ही अर्थ सांभाळले. 'गावात जातो' म्हणताना जागा असते, 'गाव गोळा झालं' म्हणताना माणसं. गाव वर्गणी काढतं. गाव यात्रा भरवतं. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, तिथे गावोगावचे कारभारी यात्रेसाठी फड ठरवायला येतात आणि सुपारी देतात ती गावाच्या नावाने. गोव्यात तर गावकारी नावाची संस्थाच होती. जमीन सगळ्या गावकरांची सामाईक, आणि तिच्या उत्पन्नातला वाटा गावकरांना मिळे. पोर्तुगीजांनी १५२६मध्ये त्या रिवाजांची सनद लिहून काढली, तेव्हाही ते जुनेच होते.

गावाने सगळ्यांना सारखं धरलं होतं असं मी म्हणणार नाही. गावाला कूस होतं आणि कित्येक पिढ्या कुसाबाहेर जगल्या. वाळीत टाकायचं तेही गावच टाकी. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यात काळीत कष्टणारी आणि पांढरीत नांदणारी माणसं दिसतात, आणि तो गाडा कोणाकोणाच्या अंगावरून जातो तेही दिसतं. हे मला ठाऊक आहे. तरीही जे बुडालं त्याचं दुःख मला कमी करता येत नाही.

आजोळ नदीच्या वरच्या अंगाला होतं. उतारावर भातखाचरं आणि रानात हिरडा. खाचरं घालायचं काम एकट्याच्या घरचं नसे. आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या, असे सगळे मिळून बांध रचत. त्याला आमच्याकडे पडकई म्हणतात. बाळहिरडा झोडून आणला की अंगणात वाळत पडे, आणि पावसाची सर आली की शेजारीण आधी तुमचा हिरडा आत ओढी, मग स्वतःचा. मोजणीला माणसं आली तेव्हा त्यांनी घरं मोजली, झाडं मोजली, विहिरी मोजल्या. मोजायला आलेल्याने दिसतं तेच मोजलं. शेजारणीचा रकाना कुठल्याच कागदात नव्हता.

पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ सालीच केला होता. नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा द्यायच्या असं ठरलेलं आहे: रस्ता, पाणी, शाळा, समाजमंदिर, स्मशान. 'गावठाण' म्हणजे मूळचं 'ग्रामस्थान', गावाची जागा. ठाण मिळालं. पण जमीन जिथे मिळाली तिथे माणसं गेली, आणि एका आळीतली घरं तीन दिशांना पडली. आजी नव्या घराला घर म्हणायची, गावठाणाला मात्र शेवटपर्यंत 'वसाहत'. मी एकदा हट्टाने म्हटलं, "आजी, आता हेच आपलं गाव की."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "हितं घरं हायेत, बाळा. गाव न्हाई."

जुन्या घराचे वासे, तुळई, दारं सगळ्यांनीच उतरवून आणली होती. आजीने उंबराही आणला. सागाचा, मधे पाय पडून पडून बशीसारखा खोलगट झालेला, दोन्ही कडांना कधीकाळच्या हळदीचे डाग. नव्या स्लॅबच्या घराला फरशीचा उंबरा होता, त्यात हा कुठे बसणार? मामाने तो मागच्या पत्र्याच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवला. दर सणाला आजी तो आडवा करायची, ओल्या फडक्याने पुसायची, हळदकुंकू लावायची आणि पुन्हा उभा करायची. त्याच्या एका टोकाला खिळ्याने कोरलेल्या बारीक रेघा होत्या. माझ्या आईची, मावशीची, मामाची उंची मोजल्याच्या त्या खुणा असतील असं मला वाटलं होतं. पण त्या बाळंतपणांच्या होत्या, त्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराची एक. ज्यांच्या रेघा आहेत पण ज्यांना मी कधी पाहिलं नाही, अशांबद्दल मी विचारलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "ती तितंच ऱ्हायली."

या मुलखातली माणसं धरणाच्या आधीपासूनच गाव सोडत आली आहेत, पण ते सोडणं वेगळं होतं. धरणाच्या जलाशयाला ज्यांचं नाव आहे ते हुतात्मा बाबू गेनू याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. मुंबईच्या गिरणीत कामाला गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाची मोटार अडवताना तिच्याखाली गेले. मुंबईत एकाच खोलीत वळकट्या टाकून राहणारे सगळे एकमेकांना 'गाववाला' म्हणत. घाटाखाली उतरल्यावरच या शब्दाला धार येते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर इकडचे डबेवाले वर्षभर एक दिवस डबा चुकवत नाहीत, पण चैत्रात गावदेवाच्या यात्रेला काम बंद ठेवून गावी येतात. गावाला जाण्यासाठी गाव जागेवर असावं लागतं. माझा धाकटा मामा मुंबईत माथाडी होता. यात्रेच्या दिवसांत त्याचे सोबती पिशव्या भरू लागले की तो जादा पाळी मागून घ्यायचा.

गाव एका सकाळीसुद्धा जातं, हे आम्ही याच खोऱ्यात पाहिलं. ३० जुलै २०१४च्या सकाळी माळीणवर डोंगर खचला. नेहमीच्या फेरीला एसटी घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसेना, आणि बातमी बाहेर आली ती त्याच्याकडून. १५१ माणसं गेली. पुढे २०१७मध्ये नवं माळीण उभं राहिलं, वाचलेल्यांना घरं मिळाली. आमच्या गावाला जायला कित्येक वर्षं लागली, आमची माणसं हातीपायी बाहेर पडली. दोन्ही दुःखांची तुलना करू नये. पण त्या दिवशी टीव्हीवर चिखल दिसत होता आणि आजी पदर तोंडाला लावून सगळ्या घरांची नावं घेत होती, तेव्हा ती माळीणच्या घरांबरोबर स्वतःच्या गावाचीही घेत होती हे मला ऐकू येत होतं.

डिंभ्याचं पाणी कुकडी प्रकल्पात जोडलेलं आहे. डाव्या कालव्याने ते येडगावच्या धरणाला जातं आणि तिथून पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा. त्या कालव्यावरच्या एका बागाइतदाराकडे मी एकदा उतरलो होतो. ऊस डोक्याच्या वर गेलेला. त्याला मी माझं आजोळ सांगितलं, तेव्हा या पाण्याखाली गावं आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं. 'गावी नसणं' हा वाक्प्रचार ऐकताना तेव्हा प्रथमच मला काही टोचलं. त्याचा दोष नव्हता. त्याच्या बापजाद्यांनी दुष्काळात छावण्या पाहिल्या होत्या, आणि पाण्याने त्याचं गाव बसतं ठेवलं होतं. त्याने मुकाट्याने मळ्याच्या कडेला जाऊन चर वाहत होता तिथे हात ओला केला आणि डोळ्यांना लावला.

आजी गेली तेव्हा माझ्या भाच्याला घरातल्यांनी सांगितलं, आजी देवाच्या गावाला गेली. तो पाच वर्षांचा. आजीचं गाव कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, तिनेच धरणाच्या भिंतीवरून बोट करून दाखवलं होतं. त्याने विचारलं, "म्हंजे धरणात?" आई 'नाही' म्हणाली नाही. होही म्हणाली नाही.

माघ-फाल्गुनापासून पाणी उतरू लागतं. चैत्र-वैशाखात जोती उघडी पडतात, देवळाचे दगड, विहिरीचं कडं. गाळ भुसभुशीत आणि ओलसर असतो, त्यात गाळपेर करतात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना गाळपेरीला, जलाशयातल्या मासेमारीला हक्क मिळावा म्हणून या खोऱ्यातल्या आदिवासींनी बरीच झुंज दिली आहे, आणि मंचरच्या 'शाश्वत' संस्थेच्या कुसुम कर्णिक, आनंद कपूर या दोघांनी त्यांच्यासोबत उभी हयात घातली. मोठा मामा दर साली आपल्याच जुन्या वावरात भुईमूग टाकतो. एरवी वसाहतीतून तो 'धरणावर जातो' म्हणतो. पाणी उतरलं की मात्र म्हणतो, "गावात जाऊन येतो."

गेल्या उन्हाळ्यात त्या वावराच्या बांधावरून त्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं जुनं भांडण पुन्हा निघालं. चाळीस वर्षांपूर्वीचा बांध गाळात गडप झालेला, खुणेचा एक काळा दगड तेवढा वर, आणि तो पाण्याने हलला की नाही यावर दोघंही हमरीतुमरीवर आले. सातबाऱ्यावर आता दोघांचंही नाव नाही. त्या दुपारी तीन वेगवेगळ्या वसाहतींतून आलेली पाच-सहा म्हातारी माणसं तिथेच गाळावर बसली. दोघांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पावलांनी अंतर मोजलं, आणि दगड हातभर मामाच्या वावरात सरकवला. मामाने कुरकुर केली, मग पाणी प्यायला आणि औत धरलं.